चौसिंग्याचा माग कसा काढावा

चौसिंगा शोधत जंगलात जितकं जास्त चालाल तितकी तो दिसण्याची शक्यता कमी. हा शेळीएवढा, चार शिंगांचा प्राणी कळपात राहत नाही, उघड्यावर फारसा येत नाही, आणि चाहूल लागली की पळण्याआधी गवतात खुंटासारखा उभा राहतो. आपण वीस पावलांवरून निघून जातो. त्याने आपल्याला पाहिलेलं असतं, आपण त्याला नाही. पण त्याच्या दोन सवयी पक्क्या आहेत. पाण्यापासून तो फार लांब जात नाही आणि लेंड्या टाकायला त्याच त्या जागी परत येतो. माग काढायचा म्हणजे या दोन जागा हुडकायच्या आणि तिथे आपण, नाहीतर आपल्या कॅमेऱ्याने, गप्प बसायचं.

काम कॅमेऱ्याने आणि डोळ्यांनी करायचं आहे, तरी कायदा नेमका काय म्हणतो ते आधी माहीत असावं. चौसिंगा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. या कायद्यातली ‘शिकार’ गोळी घालण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच येतं. त्यामुळे फोटोसाठी दोघांनी दोन बाजूंनी प्राणी ‘वळवून आणणं’ किंवा कॅमेऱ्यासमोर मोहफुलं टाकून ठेवणं हा हौशी प्रकार वाटला तरी अंगाशी येऊ शकतो.

दुसरी गोष्ट परवानगीची. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पर्यटक म्हणून गेलात तर गाडी ठरलेल्या रस्त्यावर आणि पाय गाडीत. पायी माग काढणं, मचाणावर बसणं, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणं यांना लेखी परवानगी लागते. अभ्यासाच्या कामासाठी ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते आणि महाराष्ट्रात हे काम नागपुरातून चालतं. प्रादेशिक वनक्षेत्रात, म्हणजे अभयारण्याबाहेरच्या जंगलात, उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात अर्ज करावा. कागद हातात असला तरी ज्या बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, जायचं तिथल्या वनरक्षकाला आधी भेटा. कुठला नाला मेपर्यंत ओला राहतो, कुठल्या उतारावर ‘ते छोटं’ उठतं, हे त्याला आणि गावातल्या गुराख्याला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. मेळघाटात कोरकू आणि पूर्व विदर्भात गोंड वाटाड्या बरोबर असला तर निम्मं काम झालं म्हणायचं. फक्त त्याला ‘चौसिंगा कुठे दिसतो?’ असं विचारू नका, कारण उत्तरात भेकरही येईल. ‘शिंगं किती पाहिलीत, रंग कसा होता, ओरडला तर कसा?’ असं विचारा.

आधी ओळख पक्की करा

खांद्यापाशी उंची ५५ ते ६४ सेंमी., वजन १७ ते २२ किलो. म्हणजे मोठ्या शेळीएवढं जनावर, पण पाय बारीक. रंग मळकट पिवळसर तपकिरी, पोट पांढरट. चारही पायांच्या पुढच्या बाजूने एक काळपट रेघ खाली उतरते आणि पुढच्या पायांवर ती जास्त ठळक असते. पाठ मागे किंचित उंच, चाल थोडी झटक्याझटक्याची. शिंगं फक्त नराला. मागची जोडी कानांच्या मध्ये, साधारण ८ ते १० सेंमी., गुळगुळीत, वळ्या नसलेली. पुढची जोडी डोळ्यांच्या वर, जेमतेम २ ते ४ सेंमी. आणि काही नरांमध्ये तर नुसता केसांखालचा उंचवटा. पुढची शिंगं मागच्यांनंतर येतात, त्यामुळे कोवळ्या नराला दोनच दिसतात. ही शिंगं हरणांच्या शिंगांसारखी गळत नाहीत. चौसिंगा हरणांच्या नव्हे तर गाय-शेळीच्या कुळातला आहे आणि त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आपली रोही, अर्थात नीलगाय. दोघांच्या आकारातला फरक पाहता हे पटायला वेळ लागतो.

गोंधळ होतो तो बहुतेक भेकराशी. भेकराचा रंग लालसर, तुकतुकीत. तोंडावर डोळ्यांपासून कपाळाकडे जाणाऱ्या दोन काळ्या रेघा असतात आणि नराची शिंगं केसाळ खुंटांवर बसवल्यासारखी दिसतात. मादीला शिंगं नसतात, पण त्या जागी केसांचे छोटे झुपके असतात. चौसिंग्याच्या मादीचं कपाळ साफ, ना रेघ ना झुपका. पळताना भेकराची शेपटी वर उचलली जाऊन खालचा पांढरा भाग चमकतो. आवाज ऐकू आला तर प्रश्नच मिटतो, कारण भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि एकदा सुरू झालं की बराच वेळ भुंकत राहतं. चौसिंग्याचा इशारा घशातून निघालेला, खरखरीत आणि तुटक असतो.

नीलगायीचं वासरू आणि चिंकारा हे आणखी दोन धोके. वासराच्या खुरांवर पांढऱ्या कड्या आणि गालावर पांढरे ठिपके असतात, आणि ते एकटं क्वचित असतं. चिंकारा उघड्या माळाचा. चौसिंगा माळावर आणि चिंकारा दाट झाडीत सहसा दिसत नाही, पण जंगलाच्या कडेला दोघांची गाठ पडू शकते. तिथे शिंगं पाहावीत. चिंकाऱ्याची लांब आणि वळ्या असलेली, चौसिंग्याची आखूड आणि गुळगुळीत.

नोंदवहीत सर्वात जास्त चुका मादीच्या होतात. शिंगं दिसली नाहीत की लोक ‘भेकर, मादी’ लिहून मोकळे होतात. खात्री नसेल तर ‘लहान खुरवाला प्राणी, अनिश्चित’ असंच लिहा. चुकीची पक्की नोंद नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

कुठे पाहायचं

जागा शोधताना घनदाट जंगलाच्या मागे लागू नका. चौसिंग्याला लागतं ते कोरडं पानझडी जंगल, टेकड्यांचे उतार आणि खाली गुडघा ते कंबरेएवढं गवत. सागवान, ऐन, धावडा, तेंदू, आवळा यांचं विरळसर जंगल आणि मधून वाहणारा नाला ही त्याची आवडती मांडणी. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर ही त्याची ठिकाणं. राज्याबाहेर पन्ना, गीर, बांदीपूरपर्यंत तो आहे, आणि भारताबाहेर फक्त नेपाळात.

नकाशावर एप्रिल-मेमध्ये पाणी टिकणाऱ्या जागा खुणावून घ्या: नाल्यातले डोह, झिरे, वनखात्याचे सौरपंपावरचे पाणवठे. प्रत्येकीभोवती एक-दीड किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यातला सपाट, मोकळा आणि गुरांच्या वाटेवरचा भाग वगळा. उरलेल्या उतारांवर आणि नाल्यांच्या काठांवर काम सुरू करा. पाणवठ्यावर चितळांचे मोठे कळप आणि गावची गुरं उतरत असतील तर तो दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. चौसिंग्याला आडवाटेचा लहान झिरा पुरतो आणि तो तिथे जास्त निर्धास्त येतो.

काम करायचा उत्तम काळ जानेवारी ते मे. गवत वाळून बसलेलं असतं, पानं झडलेली असतात, पाणी आटत चाललेलं असतं. पावसाळ्यात सगळीकडे पाणी आणि डोक्याएवढं गवत. तेव्हा प्राणी विखुरतो, लेंड्या शेणकिडे आणि पाऊस मिळून दोन दिवसांत संपवतात, आणि माणसाच्या हाती जळवांशिवाय फारसं काही लागत नाही.

लेंड्यांची जागा

मागातला सगळ्यात कामाचा पुरावा हाच. बहुतेक हरणं चालता चालता लेंड्या टाकत जातात. चौसिंगा एखादी जागा धरतो आणि तिथे पुन्हा पुन्हा येतो. अशी जागा बहुधा जनावरांच्या पायवाटेच्या कडेला, नाल्याच्या वरच्या काठावर, गवत थोडं विरळ झालंय अशा ठिकाणी सापडते. जमिनीवर ताटाएवढा ते सुपाएवढा पसारा असतो आणि त्यात वेगवेगळ्या वयाच्या लेंड्या एकमेकींवर पडलेल्या असतात. हे मिश्रण महत्त्वाचं. सगळ्या लेंड्या एकाच वयाच्या असतील तर तो ढीग एका वेळचा आहे, ती ‘जागा’ नव्हे.

उकिडवे बसून नीट पाहा. वरच्या थरातल्या काळपट-हिरव्या, किंचित चिकट चकाकीच्या, एखादी माशी बसलेली: या आजच्या किंवा कालच्या. चकाकी गेलेल्या, पण काडीने फोडल्यावर आत अजून हिरव्या आणि ओलसर: दोन-तीन दिवसांच्या. तपकिरी, हलक्या, बारीक भेगा पडलेल्या: आठवड्याच्या पुढच्या. तळाला राखाडी-पांढऱ्या झालेल्या आणि बोटाने दाबताच भुगा होणाऱ्या असतात. काहींवर वाळवीने मातीचं लिंपण केलेलं असतं. हे वय मोजायचं कोष्टक कोरड्या हवेतलं आहे. सावलीत लेंडी जास्त दिवस ओली राहते, मेच्या उन्हात एका दुपारीत जुनी दिसायला लागते, आणि एखादी वळवाची सर आली की जुनी पुन्हा ताजी भासते. म्हणून एका लेंडीवरून नव्हे, पाच-सहा फोडून ठरवा. हातमोजा घाला किंवा काडी वापरा, उघड्या हाताने नको.

आकाराने लेंडी साधारण शेळीच्या लेंडीच्या जवळपास, लांबट. आकारावर फार भिस्त ठेवू नका, कारण कोवळा पाला खाल्ला की त्याच प्राण्याच्या लेंड्या चिकटून गोळा होतात. नीलगायही ठरलेल्या जागी टाकते, पण तिची लेंडी बरीच मोठी आणि ढीगही ऐसपैस. चिंकाऱ्यालाही ही सवय आहे, त्यामुळे माळाच्या कडेला सापडलेली जागा जपून नोंदवा. भेकराच्या लेंड्याही कधी एका जागी साचलेल्या मिळतात. थोडक्यात, लेंड्यांची जागा सापडली म्हणजे चौसिंगा सापडला असं नाही. कॅमेरा कुठे लावायचा ते सापडलं.

जागेचा फोटो काढताना शेजारी मापाला काहीतरी ठेवा. पट्टी नसेल तर १० रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिमी. आहे. काडीने ढीग विस्कटू नका, चार-सहा लेंड्या कडेच्या घ्या. जागा विस्कटली किंवा तिथे रेंगाळून माणसाचा वास मागे राहिला तर प्राणी काही दिवस ती टाळू शकतो, मग लावलेला कॅमेरा रिकामा बसतो.

ठशांचं महत्त्व त्या मानाने कमी. नाल्याची ओली वाळू, जाळरेषेवरची (वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावरची) धूळ आणि पाणवठ्याचा चिखल सोडला तर उन्हाळ्यातल्या पानांच्या थरावर ठसा उमटतच नाही. मिळाला तर लांबी साधारण ४ सेंमी.च्या आतबाहेर असते. या मापात भेकर आणि चितळाचं पाडस दोन्ही बसतात. पाडस असेल तर आसपास मोठ्या चितळाचे ठसे हमखास असतात, एकट्या छोट्या ठशांची रांग असेल तर भेकर किंवा चौसिंगा. यापलीकडे ठशावरून छातीठोक सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. ठशाचं वय मात्र पाहा. कडा तीक्ष्ण आणि वर दवाच्या थेंबांचे खड्डे नसतील तर ठसा सकाळचा. ठशावरून किड्याची रेघ गेली असेल तर बहुधा रात्रीचा किंवा त्याआधीचा.

पाणवठ्यावर बसणं

चौसिंगा मुख्यतः दिवसा वावरतो आणि सकाळ-संध्याकाळ जास्त हलतो. उन्हाळ्यात पाण्यावर तो सकाळी ऊन चढण्याआधी किंवा दुपार कलल्यावर येतो. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, महाराष्ट्रातल्या अनेक जंगलांत वनखातं स्वयंसेवकांना मचाणावर बसवून पाणवठ्यांची गणना करतं. त्या रात्री वाघाची वाट पाहायची म्हणून दुपारी डुलक्या काढणाऱ्यांच्या समोरून चौसिंगा पाणी पिऊन निघून जातो. चौसिंग्यासाठी बसायचं तर झोप रात्री काढा आणि दुपारी साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत डोळे उघडे ठेवा.

जागेवर प्राणी यायच्या किमान तासभर आधी बसा. पाण्यापासून २५ ते ३० मीटर अंतर पुरेसं आहे. त्याहून जवळ गेलात तर कॅमेऱ्याच्या शटरचा आवाजही पोचतो. मचाण ३ ते ४ मीटर उंच असावं. जमिनीवरची आडोशाची जागा असेल तर पाठीमागे झुडूप हवं, नाहीतर डोक्याची आकृती आभाळावर उठून दिसते. सावलीत बसा, आणि समोर पडदा लावण्यापेक्षा पाठीशी काळोख असणं महत्त्वाचं.

वारा हा इथला खरा मालक. पाणवठ्याकडून आपल्याकडे वारा आला पाहिजे. तपासायला चुलीची बारीक चाळलेली राख जुन्या मोज्यात भरून गाठ मारा आणि हलकेच झटका, राख कुठे सरकते ते दिसतं. ही मोज्याची पुरचुंडी कुठल्याही उपकरणापेक्षा बरी. उन्हाळ्यात विदर्भात दुपारी वारा बहुधा पश्चिमेच्या अंगाचा असतो, पण नाल्याच्या खोबणीत तो वळतो आणि सूर्य उतरताच थंड हवा उतारावरून खाली वाहायला लागते. म्हणजे दुपारी बरोबर असलेली जागा साडेसहाला चुकीची होऊ शकते. टेकडीच्या पायथ्याचा पाणवठा असेल तर शक्यतो खालच्या अंगाला बसा.

अत्तर, डासांचं मलम, खर्रा, बिडी हे सगळं घरी. डास चावतील, त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावरून पंचा. कपड्यांचा रंग फार मनावर घेऊ नका, फक्त निळा टाळा. खुरवाल्या प्राण्यांना लाल-नारिंगी फिके दिसतात, निळा मात्र चांगलाच दिसतो, आणि नीळ घातलेला पांढरा सदरा तर विचारायलाच नको. रंगापेक्षा हालचाल घात करते. पाण्याची बाटली, दुर्बीण, कॅमेरा बसल्याक्षणीच हाताशी मांडून ठेवा. चेनवाल्या पिशवीची चेन आधीच उघडी असावी. पाण्यावर आलेला चौसिंगा मान खाली घालतो, वर करतो, पुन्हा घालतो. आपली हालचाल त्याची मान खाली असतानाच, आणि तीही अर्धीच. त्याने आपल्याकडे रोखून पाहिलं तर डोळ्याला डोळा लावू नका आणि थिजून बसा. दोन-तीन मिनिटं तो तसाच उभा राहू शकतो. या वेळात माणसाचा धीर आधी सुटतो.

दुर्बीण ८×४२ ची असली तर सांजेच्या प्रकाशात बरी. १०× हाताने धरून थरथरते आणि चौसिंगा फार लांब नसतो. फोटोला ४०० मिमी. लेन्स, शटर १/५०० च्या खाली नको. उभा चौसिंगाही कान आणि नाकपुड्या सतत हलवतो. जिप्सीतून काढत असाल तर आधी इंजिन बंद करायला सांगा. जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली बाजरीची पिशवी खिडकीवर किंवा दांड्यावर टाकून त्यावर लेन्स टेकवा. नर असेल तर निदान एक फोटो पूर्ण बाजूने घ्या. समोरून पुढची शिंगं कपाळाच्या केसांत हरवतात आणि मग चारची दोन होतात.

कॅमेरा ट्रॅप

बसायला वेळ नसेल, किंवा एखाद्या बीटमध्ये चौसिंगा आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर कॅमेरा ट्रॅप माणसापेक्षा भरवशाचा. पण वाघासाठी लावतात तसा गुडघ्याच्या वर आणि रुंद रस्त्यावर लावलात तर चौसिंग्याची फक्त पाठ मिळेल, किंवा तीही नाही.

भिंगाची उंची जमिनीपासून ४० सेंमी. लेंड्यांच्या जागेपासून अंतर ४ ते ५ मीटर, पायवाटेच्या मध्यापासून ३ ते ४. उतार असेल तर कॅमेरा उताराला समांतर तिरका करा. पट्ट्यामागे एक काटकी पाचर म्हणून घातली की हवा तो कोन मिळतो. तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलात तर सूर्य उगवता-मावळता थेट भिंगात येतो, आणि तीच नेमकी चौसिंग्याची वेळ. पायवाटेला काटकोनात लावलेला कॅमेरा प्राणी पटकन ओलांडून जातो. वाटेच्या दिशेने सरळ तोंड केलं तर संवेदक उशिरा जागा होतो, कारण त्याला आडवी हालचाल चांगली कळते. म्हणून वाटेशी साधारण ६० अंशांचा कोन ठेवा.

संवेदक उष्णतेवर चालतो. प्राण्याचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक हलला की तो फोटो काढतो. मे महिन्यात दुपारी जमीन आणि दगड प्राण्याच्या अंगाइतके किंवा त्याहून जास्त तापतात, फरक मिटतो, आणि समोरून प्राणी जाऊनही कॅमेरा झोपलेला राहतो. यावर उपाय दोन: संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीवर ठेवा, आणि कॅमेऱ्याच्या समोरची पार्श्वभूमी सावलीतली निवडा. थंडीत उलट होतं. तेव्हा वरची पायरी ठेवलीत तर डोलणारं गवत हजारो फोटो काढायला लावतं. समोरच्या दीड-दोन मीटरमधली गवताची पाती दाबून बसवा किंवा मोजकीच मोडा. सपाट साफ केलेला चौकोन प्राण्याला आणि चोराला दोघांनाही लांबून दिसतो.

एका वेळी ३ फोटो लावा. पायवाटेवर दोन वेळांमधलं अंतर शून्य किंवा १ सेकंद, कारण प्राणी थांबणार नाही. लेंड्यांच्या जागेवर ३० सेकंद चालतील, तिथे तो रेंगाळतो आणि एकाच नराचे चारशे फोटो कुणालाच नको असतात. रात्रीचा अवरक्त दिवा ९४० नॅनोमीटरचा असेल तर अजिबात दिसत नाही, पण पल्ला कमी. ८५० चा दूरवर पोचतो, मात्र बारीक लाल ठिणगी दिसते, आणि ती माणसालाही दिसते. चोरीची भीती असेल तिथे ९४० घ्या.

बॅटऱ्या सगळ्या एकाच जातीच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या अल्कलाइनचा १.५. आठ सेलांच्या कॅमेऱ्यात हा फरक जवळजवळ अडीच व्होल्टचा होतो, आणि काही कॅमेरे तेवढ्यावर ‘बॅटरी संपली’ म्हणून बंद पडतात. कार्ड लावण्याआधी त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. तारीख-वेळ घड्याळाशी जुळवा. सगळ्यात जास्त माहिती वाया जाते ती सकाळ-संध्याकाळचा घोळ झालेल्या घड्याळामुळे.

लावून झाल्यावर तपासणी मोडमध्ये कॅमेऱ्यासमोरून गुडघे-हात टेकून, शेळीच्या उंचीने चाला. उभं राहून चाललात तर दिवा लागेलच, त्याने काही सिद्ध होत नाही. मग पाटीवर जागेचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून पहिला फोटो तिचा काढा. काढून नेतानाही शेवटचा फोटो पाटीचाच. कॅमेरा निदान २० दिवस राहू द्या आणि मध्ये रोज जाऊन पाहू नका. लाल मुंग्या आणि वाळवी खोक्यात घर करतात, त्यासाठी पट्ट्याची मोकळी भोकं टेपने बंद करा. डांबराच्या गोळ्या घालायचा मोह होतो, पण वास पसरतो. अस्वलं आणि वानरं कॅमेरा फिरवून ठेवतात, त्याला मजबूत साखळीशिवाय इलाज नाही.

ज्या वाटेने गावातल्या बायका सरपणाला किंवा मोह वेचायला जातात तिथे कॅमेरा लावू नका. लावावाच लागला तर ग्रामसभेत किंवा निदान पोलीस पाटलाकडे सांगून लावा, आणि माणसांचे फोटो कुणाला न दाखवता पुसून टाका. हे केलं नाही तर कॅमेरा फुटतो आणि पुढच्या वेळी वाटाड्याही मिळत नाही.

फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढा. वनक्षेत्राचं नाव पुरे. रोज त्याच जागी येणाऱ्या प्राण्याचा पत्ता फासेवाल्याला आयता मिळू नये.

वाटेत फासा किंवा पिल्लू दिसलं तर

चौसिंग्याच्या वाटा शोधणारा माणूस फासेवाल्याच्याही वाटेवरच चालत असतो. जनावरांच्या पायवाटेवर कुणी मुद्दाम काटेरी फांद्या दोन्हीकडे रचून मध्ये अरुंद फट ठेवलेली दिसली, की आधी थांबा. फटीत गुडघ्याच्या आसपास तारेचं वेटोळं असू शकतं. दुचाकीच्या क्लचची तार वापरलेली असेल तर ती चटकन दिसत नाही. फासा ओढू नका, तोडू नका, तो पुरावा आहे. फोटो आणि जागा घेऊन वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शेताच्या कडेला किंवा वीजवाहिनीखाली खुंट्यांवर ताणलेली उघडी तार दिसली तर तिच्याजवळही जाऊ नका. अशा तारेत विजेचा प्रवाह सोडलेला असतो. आलात त्याच पावलांनी मागे फिरा, बरोबरच्यांना थांबवा आणि मग फोन करा.

पिल्लं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात, एक किंवा दोन. मादी त्यांना गवतात दडवून चरायला जाते. त्या दिवसांत गवतात एकटं, निपचित पडलेलं पिल्लू दिसलं तर ते सोडून दिलेलं नसतं. हात लावू नका, शेजारी उभं राहून फोटो काढू नका, पाणीही पाजू नका. जागा मनात ठेवून सरळ बाजूला व्हा आणि त्या उतारावरचं काम चार-आठ दिवस पुढे ढकला. अंगावर जखम असेल, किंवा जवळच मादी मेलेली दिसली, तरच वनरक्षकाला बोलवा. आणि तो येईपर्यंत लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून गावची कुत्री तिकडे फिरकत नाहीत ना, एवढंच पाहा.